बाबल्या तांडेलाची लेक

माल्टाच्या बसमध्ये आपलं मराठी कुणाला कळणार, या भरवशावर अक्षया फोनवर अगदी मोकळेपणी बोलत होती.

"नाय गो आई, अजून बसमध्येच आहे. या ड्रायव्हरला झोप लागलीय वाटतं. कधीची एका जागी उभी आहे गाडी. यापेक्षा आपली पावसची एस.टी. बरी."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. मग मान न वळवता, थेट रत्नागिरी स्टँडवरच्या सुरात तो म्हणाला, "जागा आहे मी, ताई. पुढं सिग्नल लाल आहे. तुम्ही सांगत असाल तर तोडतो."

अक्षयाचा फोन हातातून सुटता सुटता राहिला. पुढचे तीन स्टॉप तिनं खिडकीबाहेरच्या पिवळ्या दगडी घरांकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं की जणू त्यांची परीक्षाच द्यायची होती. उतरतानाही त्याच्याकडे पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वृद्धाश्रमातली ड्यूटी संपल्यावर दोन रिकाम्या बस सोडून ती त्याच बसला थांबली. नर्सबाई एवढ्या दमलेल्या असताना दोन बस का सोडतात, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

"कुठच्या तुम्ही?" तिकीट दाखवताना त्यानं विचारलं.

"पूर्णगड. तुम्ही?"

"पाली."

"गणपतीची?"

"ती रायगडातली. आमची कोल्हापूरच्या रस्त्यावरची. आमच्यापुरती तीच खरी."

त्याचं नाव सुजय. वडील एस.टी.त ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मुलगा सातासमुद्रापार येऊन बसच चालवत होता, आणि इथंही गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात याचा त्याला असा अभिमान होता की जणू नियम त्यानंच करून घेतला होता.

त्या भेटीला आता आठ महिने झाले होते. "ताई" पहिल्याच आठवड्यात गळून पडलं होतं, "तुम्ही" दुसऱ्या महिन्यात. दोघांची सुट्टी एकाच रविवारी आली की डबा घ्यायचा आणि बेट पाहायला निघायचं. बेट केवढं, तर सकाळी एका टोकाला निघालं की दुपारी दुसऱ्या टोकाला चहा घ्यावा. जुने किल्ले झाले, चर्चचे घुमट झाले, रंगीत सज्ज्यांच्या गल्ल्या झाल्या. फक्त मार्साश्लॉक राहिलं होतं. दक्षिणेकडचं हे मासेमारांचं गाव अक्षयानं मुद्दाम मागे ठेवलं होतं. होड्या पाहिल्या की घरची आठवण येऊन आपण भर रस्त्यात रडू, अशी तिला भीती होती.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी मात्र ती स्वतःच म्हणाली, "आज तिकडेच जाऊ." कारणही तसंच होतं. त्याच दिवशी दुपारी सुजयचे आईबाबा पालीहून पूर्णगडला जाणार होते, अक्षयाचं घर पाहायला आणि तिच्या आईबाबांना भेटायला. लग्नाचं अजून कुणी उघड काढलं नव्हतं. सुजयनं अक्षयाला थेट विचारलंही नव्हतं. पण पालीची माणसं नुसता किल्ला पाहायला पूर्णगडापर्यंत जात नाहीत, एवढं सगळ्यांनाच कळत होतं.

गावात उतरल्या उतरल्या समोर पाणी आणि पाण्यावर होड्याच होड्या. निळ्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांच्या, आणि प्रत्येक होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, दोन डोळे रंगवलेले. अक्षया रडली नाही. उलट तिची चालच बदलली. मासळीबाजारातून ती अशी निघाली की सुजयला मागून जवळजवळ धावावं लागलं. एका फळीपाशी थांबून तिनं माशाचा कल्ला बोटानं उचलला, नाक मुरडलं, पुढच्या फळीवरच्या माशाचा उचलला आणि मान डोलावली. विकणारी बाई आधी रागानं पाहत होती, मग हसायला लागली.

"काय बघितलंस?" सुजयनं विचारलं.

"पहिला कालचा. हा आज पहाटेचा."

"तुला कसं कळलं?"

"तू गाडीचा आवाज ऐकून गियर ओळखतोस ना... तसंच." तिनं तिरक्या नजरेनं त्याच्याकडे पाहिलं. "समुद्रापासून एवढ्या जवळ राहून तू शिकलास काय रे?"

"मासा ताटात आला की काटे कुठं असतात ते."

"तेवढं तरी येतं. बरं झालं."

"बाकीचं शिकवणारं कुणीतरी... शोधतोय," तो म्हणाला आणि नको तेवढ्या लक्षपूर्वक होड्यांकडे पाहू लागला. अक्षयानं वाऱ्यावर उडणारी ओढणी सावरली. ती काही फार उडत नव्हती.

धक्क्यावरच्या बाकावर बसून दोघं गरम पास्तिझी खात होती. आपल्या पॅटिससारखाच पापुद्र्यांचा तो पदार्थ, आत मटार. तेवढ्यात सुजयच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. चालत्या गाडीतून. रेशमी साडी, गळ्यात ठेवणीतली मोहनमाळ, मांडीवर मिठाईचा मोठा खोका. शेजारी स्टिअरिंगवर बाबा.

"निघालो रे आम्ही. पावस मागे टाकलं. अक्षया आहे ना जवळ? काय गो, ऊन आहे का तिकडं?"

"आहे काकी. छान आहे."

"बरं, एक विचारायचं राहिलं. तुझ्या पप्पांच्या कंपनीला आज रविवारची सुट्टी असेल ना? नाहीतर आम्ही जायचो आणि त्यांचा खोळंबा. एक्स्पोर्टच्या धंद्यात माणसाला वेळ नसतो म्हणतात."

अक्षयानं सुजयकडे पाहिलं. सुजयनं पास्तिझीकडे पाहिलं.

"असतील घरी, काकी," ती म्हणाली. तेवढ्यात चित्र अडकलं आणि फोन बंद पडला. पूर्णगडच्या अलीकडच्या वळणांवर रेंज जाते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

"कसली कंपनी?"

"अगं... म्हणजे..."

"कसली कंपनी, सुजय?"

"आईनं विचारलं, मुलीचे वडील काय करतात. मी म्हटलं, मासळीच्या एक्स्पोर्टमध्ये आहेत." त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं पुढं बोलला. "तसं खोटं नाही ना ते? तुझ्या बाबांनी पकडलेली कोळंबी शेवटी परदेशात जातेच की. आईचा स्वभाव तुला माहीत नाही. आधी तिनं तुला पाहावं, तू आवडावीस, मग सावकाश सांगितलं असतं. आज निघायच्या आधी तरी सांगणार होतो, धीर झाला नाही. आमच्याकडे सगळे असंच करतात. कुणाचा भाऊ दुबईत पाइप जोडत असला तरी घरी तो इंजिनियरच असतो."

अक्षयानं हातातली पास्तिझी बाकावर ठेवली. राग आला होता, पण रागाच्या खाली काहीतरी दुखत होतं आणि ते रागापेक्षा मोठं होतं. तिचे बाबा तांडेल होते. होडीवरचा कप्तान. चार खलाशांचा जीव ज्याच्या नजरेवर असतो तो. तीस वर्षांत त्यांनी एकही माणूस समुद्राला दिला नव्हता. सखाराम हे नाव फक्त रेशनकार्डावर, बाकी सगळी खाडी त्यांना बाबल्या तांडेल म्हणून ओळखायची. आई दमयंती पावसच्या बाजारात मासे विकायची, आणि नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या दिवशी लेकीला सोडायला ती बाजारातूनच टोपलीसकट आली होती. अक्षयानं तेव्हा सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, ही माझी आई.

"मी माझ्या घरी तुझ्याबद्दल काय सांगितलंय, ठाऊक आहे?" ती हळू आवाजात म्हणाली. "मुलगा बस चालवतो. त्याचे वडील एस.टी.चे ड्रायव्हर होते. माझ्या बाबांनी विचारलं, किती वर्षं? मी म्हटलं, बत्तीस. ते म्हणाले, मग माणूस भरवशाचा असणार. मी काय सांगायला हवं होतं? ट्रान्स्पोर्टच्या धंद्यात आहेत म्हणून?"

सुजयचा चेहरा उतरला.

"मला तुझ्या घरी यायचं असेल तर दारातून येईन," अक्षया म्हणाली. "बाबांना दाराबाहेर ठेवून नाही." आणि ती उठून चालायला लागली.

धक्क्याच्या टोकाला एक म्हातारा कोळी जाळ्याचा ढीग पुढ्यात घेऊन बसला होता. जाळ्याला हातभर भोक पडलं होतं आणि तो जाड भिंगांच्या चष्म्यातून सुईत दोरा ओवत होता. तिसऱ्यांदाही जमलं नाही तेव्हा अक्षयानं न बोलता हात पुढं केला. म्हाताऱ्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गंमत म्हणून सुई दिली.

ती जमिनीवर मांडी घालून बसली. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणली, जसे बाबा ताणायचे. फाटलेल्या कडा कापून साफ केल्या आणि गाठी मारत सुटली. वर, आत, फेरा, ओढ... वर, आत, फेरा, ओढ. सुट्टीत घरी असताना निम्मं जाळं तिचं आणि निम्मं बाबांचं असायचं, आणि बाबा तिचं निम्मं पुन्हा तपासायचे. ते तपासणं तिला तेव्हा फार लागायचं. आज तिच्या लक्षात आलं, त्यामुळेच तिची एकही गाठ सैल पडत नव्हती.

म्हाताऱ्यानं शेजारच्या होडीवरच्या दोघांना हाक मारली. ते आले, आणखी दोघं आले. फोटो काढायला आलेले प्रवासीही थांबले. सुजय सगळ्यांच्या मागे उभा होता. आठ महिने ज्या हातांना तो चोरून पाहत आला होता, ते हात काय करू शकतात हे त्याला आज दिसत होतं.

शेवटची गाठ आवळून तिनं दोरा दातानं तोडला. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी जाळं ताणून पाहिलं, मग उजेडाकडे धरून पाहिलं. "कुणी शिकवलं?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"माझ्या बाबांनी. ते तांडेल आहेत, होडीचे कप्तान. भारतात, रत्नागिरीजवळ पूर्णगड म्हणून गाव आहे. तिथं त्यांची स्वतःची होडी आहे." तिचा आवाज तिलाही वाटलं नव्हतं एवढा मोठा आला.

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, तिच्या बाबांसाठीच काढल्यासारखी. "आणि हा कोण?" त्यानं मागे उभ्या असलेल्या सुजयकडे बोट दाखवलं.

अक्षयाला राग होता. पण खोटं तिला रागातही सुचेना. "हा इथला बस ड्रायव्हर आहे," ती म्हणाली. "चांगला चालवतो. म्हाताऱ्या माणसांना बसायला वेळ देतो, मगच गाडी सोडतो."

हे ऐकलं आणि सुजयची मान खाली गेली. त्यानं खिशातून फोन काढला आणि आईला लावला. रेंज नाही. बाबांना लावला. तेच. दोनदा, चारदा. मग तो अक्षयाजवळ येऊन उकिडवा बसला.

"तुझ्या बाबांचा नंबर दे."

"कशाला?"

"आत्ताच सांगायचंय सगळं."

"तुझे आईबाबा एव्हाना आमच्या ओट्यावर बसले असतील," ती म्हणाली. "आणि बाबांचा फोन कायम स्पीकरवर असतो. सगळ्यांसमोर बोलावं लागेल. त्यापेक्षा ते परत निघाले की आईला एकटीला सांग." हे सांगताना तिला स्वतःचाच राग आला. एवढं होऊनही ती त्याला वाट करून देत होती.

"तोपर्यंत आई तुझ्या बाबांना कंपनीचं विचारणार. त्यांनी काय उत्तर द्यायचं? नको. दे नंबर."

गावात बाबांच्या सिमलाच तेवढी रेंज मिळायची. तिनं आपल्याच फोनवरून लावून दिला. पलीकडे घंटा वाजली, उचलला गेला, आणि आधी ऐकू आला वारा. मग टक् टक् टक्... एका लयीत, मधे किंचित अडखळत.

हा आवाज अक्षयानं झोपेतसुद्धा ओळखला असता. बाबांच्या होडीचं इंजिन. बाबा ओट्यावर नव्हते, खाडीत होते. आणि पाहुणे घरी आलेले असताना बाबा एकटे होडी काढणार नाहीत. म्हणजे... तिला सगळं एका क्षणात कळलं. सुजयला त्या आवाजातलं काहीच कळलं नव्हतं. त्याला थांबवावं असं तिच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिनं ओठ मिटून घेतले. तिला ऐकायचं होतं.

"हां, बोल गो अक्षू," पलीकडून बाबल्या तांडेल ओरडले. फोनवर ते नेहमी दुसऱ्या होडीतल्या माणसाशी बोलल्यासारखेच बोलायचे.

"काका, मी सुजय. फोन स्पीकरवर आहे का?"

"हाय."

"आईबाबा ऐकतायत?"

"हितंच हायत. बोल की."

सुजयनं फोन तोंडाजवळ धरला. "आई, अक्षयाच्या बाबांची कसलीही कंपनी नाही. मी खोटं बोललो. ते तांडेल आहेत. होडी घेऊन समुद्रात जातात. तिची आई पावसच्या बाजारात मासे विकते. त्या दोघांनी हिला शिकवलं आणि ही इथं परक्या देशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. हे सांगायला मला अभिमान वाटायला हवा होता... मला लाज वाटली. चूक माझी आहे. काका, माझी तुमच्याशी ओळखही नाही आणि पहिलीच ओळख माफी मागून करतोय. हिनं हो म्हटलं तर मला हिच्याशीच लग्न करायचंय. तांडेलाची मुलगी म्हणूनच. आई, तुला पटलं नाही तर भांडायला मी येईन, पण यात आता बदल होणार नाही."

टक् टक् टक्.

"झालं बोलून?" तांडेलांनी विचारलं.

"हो."

"मग जरा दम धर. हितं वाळू वर आलेली हाय, तेवढं वळण घेतो."

सुजयनं गोंधळून अक्षयाकडे पाहिलं. ती दोन्ही हात तोंडावर दाबून बसली होती. हसत होती की रडत होती, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पलीकडून कॅमेरा चालू झाला आणि पडद्यावर आधी खाडीचं पाणी दिसलं, मग वरचा किल्ला, मग सुजयची आई. रेशमी साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट, मोहनमाळ पाठीवर गेलेली, दोन्ही हातांनी फळी गच्च धरलेली.

"तू घरी ये, मग तुझ्याकडे बघते," ती वाऱ्यावर ओरडून म्हणाली. "मघाशी ह्या तांडेलांच्या ओट्यावर बसून मी शहाण्यासारखं विचारलं, कंपनी कुठं आहे तुमची? हे आधी माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, धक्क्याला बांधून ठेवलीय, चला दाखवतो."

"आई, मी..."

"गप बस. खरं सांगू? तू आधी सांगितलं असतंस तर मी कदाचित आलेच नसते. हेही माझं मीच कबूल करते." तिचा सूर बदलला. "पण आले आणि बघितलं. लाट आली तर मला दोन हातांनी धरूनही बसवत नाहीये, आणि हा माणूस एका हातानं होडी सांभाळून दुसऱ्या हातात तुझा फोन धरून उभा आहे. अक्षया, ऐकतेस ना गो? अशा माणसाची ओळख चोरून द्यायची नसते, हे माझ्या पोराला मी शिकवायला हवं होतं. तुझी आई परत निघताना मला मासे बांधून देणार आहे. मी घेणार आहे आणि शेजाऱ्यांना कुठून आले ते सांगणार आहे."

मागून सुजयच्या बाबांचा आवाज आला. "सुजय, मला सुकाणू देणार आहेत हे. बत्तीस वर्षं गाडी चालवली, पण बिनब्रेकची पहिल्यांदाच."

धक्क्यावरच्या कुणाला एक अक्षर कळत नव्हतं, तरी म्हातारा कोळी आणि त्याचे सोबती कौतुकानं फोनकडे पाहत उभे होते. सुजय अजून उकिडवाच बसला होता, कान लालबुंद.

"तुला कळलं होतं?" त्यानं हळूच विचारलं. "ते होडीत आहेत, हे?"

"इंजिनाच्या आवाजावरून."

"मग थांबवलं का नाहीस मला?"

"तू न सांगताही सगळ्यांना कळलेलंच होतं," अक्षया म्हणाली. "पण तुला ते माहीत नव्हतं, तरी तू सांगितलंस. मला तेवढंच हवं होतं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायची तिला गरज वाटली नाही.

"अक्षू," फोनमधून बाबांनी हाक मारली. "पोरगा बोलला ता ऐकला आम्ही सगळ्यांनी. आता तुझा काय तो सांग. हितं सगळे थांबलेत."

सुजयनं तिच्याकडे पाहिलं. एवढं सगळं बोलून झालं होतं, तरी त्याच्या नजरेत आत्ता कुठे खरा प्रश्न उतरला होता. तिनं जाळ्याच्या दोऱ्यानं काळी झालेली आपली बोटं पुढं केली आणि त्यानं ती घट्ट धरली.

"हो, बाबा," ती म्हणाली.

मैलभरावरच्या होडीला हाक मारणारा माणूस गप्प झाला होता. नुसतं टक् टक् टक्. मग तेही मंद होत गेलं आणि थांबलं. भर खाडीत बाबांनी इंजिन बंद केलं होतं. आजवर त्यांनी तसं कधी केल्याचं तिला आठवत नव्हतं.

"आता परत सांग," तांडेल म्हणाले. आवाज घोगरा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच लहान होता. "नीट ऐकू दे."

मग तिनं पुन्हा सांगितलं, सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.